मनगटावरचे घड्याळ आणि रक्तदाब

गेल्या महिन्यात रात्रपाळी संपवून एक यंत्रमाग कामगार खोकल्याचे औषध घ्यायला माझ्याकडे आला. रक्तदाब तपासला, तर १७८/१०४! गोळीविषयी विचारताच त्याने मनगट पुढे केले. "डॉक्टर, घड्याळात रोज १२२/८० दाखवतंय, म्हणून गोळी बंद केली."

भिवंडीत अशी घड्याळे आता बऱ्याच मनगटांवर दिसतात. म्हणून हा विषय.

दवाखान्यातील यंत्राचा पट्टा हवेने फुगून दंडातील रोहिणी दाबतो. हवा सोडताना रक्तप्रवाह कोणत्या दाबाला पुन्हा सुरू होतो, हे पाहिले जाते. रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडावरचा पट्टा आणला. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा दाब मोजण्याची रीत दिली. थोडक्यात, येथे दाबाशी दाब ताडून पाहिला जातो.

घड्याळाचे तसे नाही. त्याच्या मागच्या बाजूने हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. प्रत्येक ठोक्याला सूक्ष्म रक्तवाहिन्या भरतात, रक्त प्रकाश शोषते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. यावरून स्वस्थ बसले असता नाडीचे ठोके बऱ्यापैकी कळतात. रक्तदाब मात्र त्या लाटेच्या आकारावरून केलेला अंदाज असतो. थंडी, हाताची हालचाल, सैल पट्टा यांनीही ती लाट बदलते. म्हणूनच काही घड्याळे दर २८ दिवसांनी दंडावरील यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. स्वस्त घड्याळे असे काही न विचारताच आकडा दाखवतात. निदान वा उपचारासाठी अशी बिनपट्ट्याची साधने वापरू नयेत, असे युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

घरी मोजायचे असल्यास दंडावर बांधायचे यंत्र घ्यावे. त्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू टाळावी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे वहीत लिहावेत. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यावरच तो अनेकांना कळतो. माझ्या रुग्णाने गोळी पुन्हा सुरू केली आहे. आपणही घड्याळाच्या भरवशावर गोळी बंद करू नये.