परसातलं धरण

आमच्या घरामागच्या तळ्यात एका कोपऱ्याला शहाबादी फरशीचा लांबोळका तुकडा उभा आहे. २०११ मध्ये मी त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने अर्ध्या अर्ध्या फुटाच्या रेघा ओढल्या, सगळ्यांत वरच्या रेघेपाशी ‘पूर्ण संचय’ लिहिलं आणि तळापासून फूटभर उंचीवरच्या रेघेपाशी ‘मृतसाठा’. लातूरच्या माणसाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पेपर हातात आला की आधी मांजरा धरणाची पातळी बघायची, मथळे मागून, ही इथली जुनी खोड. त्या रेघा तेव्हा निव्वळ गंमत होत्या. पुढच्या चौदा वर्षांत मी त्यांच्याकडे जितक्या वेळा बघितलं तितक्या वेळा स्वतःच्या बीपीच्या आकड्याकडेही बघितलं नसेल.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पाचवी-सहावीतल्या सहलीत. तेव्हाच्या औरंगाबादेत आम्हाला पाणचक्की दाखवली. काही मैलांवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवरून खालच्या हौदात धो धो पडतं आणि हौदात माशांची ही गर्दी. गुरुजी जात्याचं आणि दर्ग्याचं सांगत होते, पण मी हौदाच्या कठड्याला पोट टेकून उभा होतो. ज्या मुलखात पाणी वर ओढून काढायचं असतं तिथे ते वरून पडताना बघणं, हेच माझ्या दृष्टीने नवल. कोई मासे, जपान, फिल्टर ही सगळी पुढची भर.

नोकरीत स्थिरावल्यावर घरामागे बारा बाय आठ फुटांचा खड्डा काढला. खोली साडेचार फूट, म्हणजे बारा हजार लिटरच्या आसपास पाणी. गवंडी मामांनी फावडं टेकवून मातीचं एक ढेकूळ चुरगाळलं आणि म्हणाले, “साहेब, काळी हाय. बांधकाम खाती ही.” मी ऐकलं नाही. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे मी शाळेत परीक्षेपुरतं लिहिलं होतं. मामांच्या ते हाताला ठाऊक होतं. विटा-सिमेंटचा देखणा हौद झाला. नव्या सिमेंटचा क्षार उतरावा म्हणून तीन वेळा पाणी भरून सोडलं, त्यात केळीचे खुंटही टाकून ठेवले. पुढच्या एप्रिलमध्ये ईशान्येच्या कोपऱ्यातून तळापर्यंत बोटभर चीर गेली आणि रात्रीत दोन इंच पाणी गायब व्हायला लागलं. वास्तुशास्त्रवाल्या शेजाऱ्याने त्याचा अर्थ लगेच सांगितला. मामांनी काहीच सांगितलं नाही, नुसते हसले.

दुसऱ्या खेपेला हौद फोडून खड्डा आणखी फूटभर खाली नेला, तेवढा मुरूम भरून चोपला आणि वर शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरला. पुण्या-मुंबईचे कोई-शौकीन परदेशी रबराचं अस्तर मागवतात म्हणे. आमच्याकडे हा कागद ठिबकच्या नळ्यांशेजारी मिळतो, कारण मराठवाड्यातल्या किती तरी द्राक्षबागा आणि मोसंबीच्या बागा त्याच्या जिवावर उन्हाळा काढतात. जमीन हलली तर कागद तिच्याबरोबर थोडा हलतो. सिमेंटला ते जमत नाही. तो कागद आजही आहे, दोन ठिकाणी ठिगळं लावलेला.

धबधब्याला मात्र आईने आडकाठी घातली. माझ्या डोक्यात काळे दगड एकावर एक रचून सहा फूट उंचीवरून पाणी सोडायचं होतं. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अंगाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिकडची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, ती याच बांधणीची: दीड-दोन हात जाडीच्या दगडाच्या भिंती, सांध्यात चिखल आणि वर माळवदाचं ओझं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आई मोठ्याने काही बोलली नाही. परसात आली, रचलेल्या दगडांकडे बघितलं आणि म्हणाली, “दगडावर दगड ठेवून मातीनं सांधलेलं मला घराजवळ नको.” आम्ही तीन फुटांवर थांबलो, मागे सळयांचं काँक्रीट आणि दगड त्यात निम्मे रुतवलेले. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा ती म्हणाली, “हं, झालं तुझं सहस्रकुंड.” पैनगंगेवरचा तो धबधबा तिने लग्नानंतर एकदाच पाहिला होता, त्यामुळे यात कौतुक किती आणि टोमणा किती हे अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे तळ्यातल्या कोई माशांचं मूळ शोधताना एक गोष्ट वाचनात आली आणि ती आईला वाचून दाखवावीशी वाटली. जपानच्या निइगाता भागातल्या डोंगरी खेड्यांत दोनशे वर्षांपूर्वी शेतकरी भाताच्या पाण्यावर खाण्यासाठी मासे पाळत. त्यात अधूनमधून एखादा तांबूस, पांढरट निघे, तो खायचा सोडून निराळा ठेवला जाई. १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनात ते रंगीत मासे सगळ्या देशाला दिसले. त्याच भागातलं यामाकोशी हे कोईंचं माहेर, आणि २००४ च्या ऑक्टोबरात तिथेही भूकंप झाला. डोंगर खचले, तळी फुटली, गाव हेलिकॉप्टरने रिकामं करावं लागलं. नंतर वाचलेले मासेही हेलिकॉप्टरनेच बाहेर काढले. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि माणसं आधी काढली ना?” काढली, म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

नांदेडच्या आमच्या दाजींना या घराण्याचं काही कौतुक नव्हतं. गोदावरीचे मासे खाऊन वाढलेला माणूस. तळ्यात वाकून म्हणाले, “हा तर आपला सायप्रिनस. रंग देऊन इकडं पाठवला व्हय?” तसं बघितलं तर ते बरोबरच होतं. मांजरा आणि विष्णुपुरीच्या जलाशयांत राहू-कटल्याबरोबर सोडतात त्या सायप्रिनसचाच हा भाऊबंद.

पहिल्या वर्षी हैदराबादहून आणलेल्या बारापैकी सात मेले. कारण आमचा स्वच्छतेचा संस्कार. मराठवाड्यात हौद म्हणजे आठवड्याला उपसून, काथ्याने खसाखसा घासून, पुन्हा भरायची वस्तू. मी तेच केलं. फिल्टरच्या ड्रममधले स्पंज नळाखाली धरून पांढरेशुभ्र केले, भिंतींवरचं बुळबुळीत सगळं खरवडलं. तिसऱ्या दिवसापासून मासे कल्ले फडफडवत वर यायला लागले. तो बुळबुळीतपणा म्हणजेच तळ्याचं पोट होतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही वस्ती स्पंजाच्या भोकाभोकांत बसायला महिना-दीड महिना लागतो. मी ती दर रविवारी उठवत होतो. त्यात बोअरचं जड, क्षारी पाणी, आणि पाणी जितकं क्षारी आणि गरम तितका अमोनिया जहाल. तेव्हापासून स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचे, तेही एका वेळी निम्मेच. ते पिळलेलं काळं पाणी पपईला. त्या पपया इतक्या गोड निघाल्या की शेजारी मासे सोडून पपईचंच विचारायचे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला जे खडे लागतात ते हायपो निघाले, आमच्या चुलत्यांच्या फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये असायचे तेच.

धबधबा शोभेसाठी म्हणून केला आणि खरा उपयोग पहिल्या मे महिन्यात कळला. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, तापलेल्या पाण्यात कमी, आणि मासा तापल्यावर त्याला लागतो जास्त. पडणारं पाणी फुटतं, हवा ओढून घेतं, एवढाच तो खेळ. भारनियमनाच्या एका रात्री दोन वाजता वीज गेली. पहाटे पाचला मी परसात गेलो तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून उभे. तळ्यातलं शेवाळही रात्री श्वास घेतं, त्यामुळे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो नेमका पहाटे. बायकोने, मुलाने आणि मी घागरींनी तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून ओतलं, वीज येईस्तोवर दीड तास. एकही गेला नाही. त्यानंतर इन्व्हर्टरवर टीव्हीचं कनेक्शन तोडून हवेचा पंप जोडला. मुलाने त्यावर आठवडाभर अबोला धरला.

मग २०१६. जानेवारीत आमचं साडेपाचशे फुटांचं बोअर नुसती हवा ओकायला लागलं. मांजरा धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू झाली. पाण्यासाठी कलम १४४, हे लातूरने देशाला दाखवलं. आमच्या घरात दोनशे लिटरचा एक बॅरल होता आणि तो पुरवून वापरायचा होता. त्याच वेळी परसातल्या तळ्यावरून दिवसाला शंभरेक लिटर पाणी नुसतं उडून जात होतं. मी हिशेब केला होता: उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर म्हटलं तरी एवढ्या पृष्ठभागावरून नव्वद लिटर, धबधब्याचे तुषार निराळे. सहा-सात घागरी. वर हिरवी शेडनेट ताणली, धबधबा दिवसातून दोन तासांवर आणला, तरी पाणी रेघेरेघेने उतरतच होतं. एप्रिल उजाडला तेव्हा ते दोन फुटांवर आलेलं होतं.

गल्लीत कोणी तोंडावर बोललं नाही. समोरच्या मावशी मात्र एका दुपारी रिकामी घागर घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “संडासापुरतं देता का, माशाचं चालंल.” मी दिलं. त्या रात्री झोप आली नाही. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की तळ्यातलं पाणी कुणी पिणार नाही, म्हणजे ते कुणाच्या वाट्याचं नाही. ही पळवाट होती. आणखी महिनाभर मावशी आल्या नसत्या तर मी ती तशीच वापरली असती, हेही कबूल करतो.

नांदेडला ताईच्या सासरच्या जुन्या वाड्यात आड आहे. तळ गाठला होता, पण आटला नव्हता. माशांना दोन दिवस उपाशी ठेवलं, जाड पिशव्यांत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से ऑक्सिजन भरला, त्या थर्माकोलच्या खोक्यांत बसवल्या आणि ११ एप्रिलला रात्री नऊ मासे जीपमधून निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा. दाजी बॅटरी घेऊन दारात उभे होते. ताईने हौद धुऊन ठेवला होता, घासून नाही, हे फोनवर तीनदा बजावलं होतं. पिशव्या अर्धा तास हौदात तशाच तरंगत ठेवल्या, मग सोडल्या. चहा घेतला आणि उलट पावली फिरलो.

लातुरात शिरलो तेव्हा उजाडलं होतं. चहाच्या टपरीवर सगळे एकच बोलत होते: गाडी आली. मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पाच लाख लिटर पाणी ज्या रात्री शहराच्या दिशेने येत होतं, त्या रात्री मी मासे घेऊन शहराबाहेर निघालो होतो. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची, आणि पावसाळ्यापर्यंत ती चालली. तळ्यात उरलेलं पाचेक हजार लिटर पाणी दोन दिवसांत गल्लीने नेलं. शेवटी फरशीच्या तुकड्याभोवती चिखल राहिला. ‘मृतसाठा’ ही अक्षरं मुलाने ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केली. का, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी पाऊस मनासारखा पडला, मांजरा भरलं. तळं मी या खेपेला बोअरवर भरलं नाही. गच्चीचं पाणी पाइपाने वळवलं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सेंटिमीटरभर पाऊस पडला तर नऊशे लिटर मिळतात, म्हणजे लातूरच्या सरासरी पावसात तळं अनेकदा भरून निघावं. पाच वर्षं हे डोक्यात का आलं नव्हतं, याचं उत्तर बोअरचं बटण भिंतीवर हाताशी होतं, एवढंच. दिवाळीला नऊ मासे आणायला गेलो, तर ताईने सातच दिले. एक नारिंगी-पांढरा आणि एक काळ्या ठिपक्यांचा तिने ठेवून घेतला. दाजी म्हणाले, “राहू द्या. आता खायची इच्छा गेली आमची.”

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं. खंड्या दोन पिल्लं घेऊन गेला, मग वर जाळी आली. डेंग्यूच्या दिवसांत तपासणीला आलेल्या ताई साचलेलं पाणी शोधत परसात शिरल्या आणि अळीचा मागमूस न दिसल्याने थोड्या हिरमुसल्या. २०२० च्या टाळेबंदीत बाहेरचं खाद्य बंद पडलं. लातूर म्हणजे सोयाबीनची बाजारपेठ, तेव्हा घरीच सोयाबीन शिजवलं, कारण कच्चं माशांना पचत नाही, आणि ते वाटून त्यात सुकट व गव्हाचं पीठ घालून गोळ्या वळल्या. आईला त्या वासाने मळमळायचं, पण वळायला तीच बसायची.

२०२५ च्या सप्टेंबरात पाऊस थांबेचना. मांजराचे दरवाजे उघडले, नदीकाठची गावं आणि शेतं पाण्याखाली गेली, उभं सोयाबीन कुजलं. आमचं शहरातलं नुकसान त्यापुढे काहीच नाही. एका रात्री गच्चीचा पाइप वळवायचा राहून गेला. सकाळी बघतो तर फरशीचा तुकडा दिसेना. तळं आणि परस एकच झालं होतं. ‘पूर्ण संचय’ या रेघेच्या वर काही लिहावं लागेल, हे मला २०११ मध्ये सुचलंच नव्हतं. पाणी ओसरल्यावर मोजले तर सातातले पाचच. एक पपईच्या आळ्यात सापडला, जिवंत. दुसरा दिसेना. दुपारी समोरच्या मावशींचा नातू बादली घेऊन फाटकाशी आला.

“काका, हा तुमचाच ना? आमच्या न्हाणीपाशी होता.”