मुलांची चित्रे आणि मास्तरांची घागर



चित्रकलेच्या तासाला काय चालते, ते आपण सर्वांनी भोगलेले आहे. मास्तर फळ्यावर घागर काढतात आणि वर्ग ती उतरवून घेतो. दोघातिघांची साधते, उरलेल्यांना 'तुझा हात चित्रकलेचा नव्हे' असे ऐकावे लागते. मी ते नवव्या वर्षी ऐकले. पुढे पेन्सिल फक्त हिशेबापुरती हाती धरली.

याहून निराळी वाट आपल्या वर्ध्याशेजारीच, सेवाग्रामात चोखाळली गेली. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमचा विचार मांडला गेला. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद 1944 साली तेथे कलाशिक्षक म्हणून आले व 1962 पर्यंत राहिले. कला हे शिक्षणाला लावलेले ठिगळ नव्हे, तो शिक्षणाचा पाया आहे, असे ते मानीत.

मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही. मनात असते ते काढते. म्हणून आई घरापेक्षा उंच होते. ती चूक नव्हे. नऊदहा वर्षांच्या सुमारास मात्र मुलाला हुबेहूबपणाची ओढ लागते, आणि नेमके तेव्हाच ते खचते. अशा वेळी शेजाऱ्याशी तुलना करणे म्हणजे जखमेवर मीठ!

मग एकाच वर्गातल्या निरनिराळ्या कुवतीच्या मुलांचे करावे काय? नमुना देऊ नये, विषय द्यावा. समजा, तान्हा पोळा दिला. एकजण शिंगेच रंगवील, दुसरा साऱ्या गर्दीचे चित्र काढील. ज्याची पेन्सिल वळत नाही, त्याला माती द्यावी. देवी प्रसाद स्वतः कुंभारकामही करीत. व्हिएन्नात व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी तर अंध मुलांकडून मातीचे चेहरे घडवून घेतले. जो भाव आतून प्रबळ जाणवला, तो त्या चेहऱ्यांत ठळक उमटला. डोळस मास्तराने त्याला बेढब म्हणावे काय?

कसब नको, असे मी म्हणत नाही. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्याने घागर अवश्य गिरवावी. पण तीच साऱ्या वर्गाची फूटपट्टी होऊ नये.

पालक विचारतात, 'मग प्रगती कळावी कशी?' चित्रामागे गुण न लिहिता तारीख लिहावी आणि चित्रे जपून ठेवावीत. पोळ्याचा बैल आणि संक्रांतीचा बैल, दोन्ही त्याच मुलाचे, शेजारी शेजारी मांडून पाहावेत. आणि दुसऱ्या बैलाविषयी प्रथम मुलालाच बोलू द्यावे.