ज्वारी ठेवावी की विकावी?

मंगळवेढा-मोहोळकडची मालदांडी मार्चात खळ्यावरून निघते. सगळ्यांचीच एकदम येते, म्हणून भाव बसतो. मग आपण म्हणतो, "राहू द्या कणगीत, आषाढात विकू." पण ठेवलेला दाणासुद्धा खर्च खातो.

समजा, आज क्विंटलला ३००० रुपये मिळतात. उसन्या पैशाचे व्याज दरमहा शेकडा १ रुपया धरले तर चार महिन्यांचे १२० रुपये. पोते ४०, हमाली २०. कीड-तुटीत २ किलो गेले, त्याचे ६०. झाले २४०! म्हणजे आषाढात ३२४० च्या वर भाव असेल तरच ठेवण्यात अर्थ. यातले व्याज बहुतेक जण धरतच नाहीत, आणि निम्मा खर्च तोच आहे.

ठेवायचेच तर दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. जुन्यावर नवे ओतू नका. वरचे खाल्ले जाते अन् तळाला सोंडे लागतात. जुने आधी काढा. केव्हा किती घातले, किती काढले, ते कणगीजवळच्या वहीत लिहा. घरची अन् बियाण्याची ज्वारी त्यात धरू नका.

पैशाची नड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. पणन मंडळाने ही योजना १९९०-९१ साली सुरू केली.