जुना पॉवर टिलर घेताय? आधी हिशेब मांडा

मृग जवळ आला की जव्हार-मोखाड्यात जुन्या पॉवर टिलरची विचारपूस सुरू होते. वीटभट्टीवर राबून आणलेला पैसा त्यात जातो. म्हणून शेतकरी बंधूंनो, नवा रंग पाहून भुलू नका.

इंजिन थंड असताना, आपल्यासमोर सुरू करायला लावा. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचे काम निघाले समजा. गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. चिखलणीच्या यंत्रात सील खराब झाले की असे होते. क्लच घसरतो का, गिअर निसटतो का, हे शेतात चालवूनच कळते.

मग मेस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि मागितलेल्या किमतीत मिळवा. तीच खरी किंमत! नव्या टिलरवर अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला कृषी यांत्रिकीकरण योजनेत ठरावीक मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी मात्र करू नये. जुन्यावर अनुदान नाही. दोन्ही आकडे शेजारी मांडा. फरक थोडाच उरला तर जुने कशाला?

सौदा ठरलाच तर मूळ बिल मागा, इंजिन नंबर ताडून पाहा, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घ्या.

आणि भाताची खाचरे दोन-चारच, बाकी नागली-वरईची वरकस जमीन असेल, तर आवणीपुरता टिलर भाड्याने आणलेला बरा. भट्टीचा पैसा घरात राहील.