फुप्फुसाचा कॅन्सर आणि पोटातला फुगा

मी निवृत्त नर्स, सिंगापुरात क्वीन्सटाउनला राहते. "सिगारेट सोडून वीस वर्षं झाली, आता कसली तपासणी?" असं आपले बरेच ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहिते.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमजोर झाली की ती फुगते. ३ सेंटिमीटर किंवा जास्त झाली की डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बहुतेक वेळा दुखत नाही, कळतही नाही. फुटला तर मात्र जिवावर बेततं.

मग कॅन्सरशी संबंध काय? एकातून दुसरा होत नाही, पण दोघांचं मोठं कारण एकच, तंबाखूचा धूर. सिगारेट, विडी, पाइप, काहीही असो. धूर फुप्फुसातल्या पेशी बिघडवतो. त्यातलीच विषं रक्तातून जाऊन धमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू झिजवतात. म्हणून दोन्ही आजार कधी कधी एकाच माणसात सापडतात. छातीचा सीटी स्कॅन पूर्ण पोटापर्यंत जात नाही, तेव्हा "छाती ठीक" म्हणजे पोटही ठीक असं समजू नका.

आइनस्टाइन पाइप ओढायचे. १९४८ साली डॉक्टर रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या पोटातल्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. पुढं सहा वर्षांहून जास्त ते जगले. १८ एप्रिल १९५५ ला तो फुगा फुटूनच ते गेले.

आज तपासणी सोपी आहे. पोटाची सोनोग्राफी, सुई नाही, दुखणं नाही. कधीही सिगारेट ओढलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी ती एकदा करावी, अशी अमेरिकेत शिफारस आहे. वडील किंवा भावाला फुगा असेल, तर बायकांनीही डॉक्टरांना विचारावं.

दोन्ही सापडले तर घाबरू नका. पुरुषांत ५.५ सेंटिमीटरपेक्षा लहान फुग्यावर सहसा नुसती नजर ठेवतात. आधी कशावर उपचार, ते डॉक्टर मिळून ठरवतात. सिगारेट चालू असेल तर आजच सोडा, कुठल्याही वयात फायदा होतो.

पोटात किंवा पाठीत एकदम जोरात कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका. सिंगापुरात ९९५, महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१ लावा.