नोकरी लागली, आता पुढची पदवी केव्हा?

रायपूरहून धमतरीकडे जाताना अभनपूर हे तालुक्याचे गाव लागते. एके काळी येथे छोट्या रेल्वेचे जंक्शन होते. मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर मोठ्या मार्गावर मेमू गाडी सुरू झाली. अशा गावांच्या आसपासच्या शाळांत दर भरतीच्या वेळी नवे चेहरे रुजू होतात. पहिला पगार हातात पडतो न पडतो, तोच घरात विषय निघतो. वडील म्हणतात, ‘‘लगेच बी.एड. करून टाक, नंतर अभ्यास होत नाही.’’ आईला वाटते, आधी लग्न उरकावे. सहकारी सांगतात, ‘‘एम.ए. केल्याशिवाय बढती नाही.’’ बिचाऱ्या नव्या शिक्षकाला काय करावे ते कळेनासे होते.

खरे तर ‘शिकावे की नाही’ हा प्रश्नच नाही. काय शिकावे आणि केव्हा, हा प्रश्न आहे.

पदवी मोठी, पण कामाची नाही

याचे कटू उदाहरण छत्तीसगडनेच पाहिले आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीच्या वर्गांवर शिकवण्याची मुभा दिली होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे खास प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळते, बी.एड.मध्ये नाही, असा त्याचा आशय होता. छत्तीसगडमध्ये त्याच सुमारास सहायक शिक्षक म्हणून नेमलेल्या अडीच हजारांहून अधिक बी.एड.धारकांच्या नोकऱ्या २०२४ च्या अखेरीपासून गेल्या. अभनपूरजवळच्या नवा रायपूरमध्ये त्यांनी कित्येक दिवस धरणे धरले. शेवटी ३० एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने २,६२१ जणांना सहायक शिक्षक (विज्ञान प्रयोगशाळा) या पदांवर सामावून घेण्याचा निर्णय घेतला. त्यातही ज्यांचे बारावीला गणित किंवा विज्ञान नव्हते, त्यांना ती पात्रता तीन वर्षांत मिळवण्याची अट आली. म्हणजे पदवी हातात असून पुन्हा बारावीची पुस्तके!

या तरुणांचा अभ्यास कमी पडला नव्हता. पदवी आणि पद यांची सांगड बसली नाही, एवढेच. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या पदाचे भरती नियम स्वतः वाचावेत. शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबून हजारो रुपये भरू नयेत.

आधी टीईटी

जो अद्याप शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण झालेला नाही, त्याने इतर सर्व पदव्या बाजूला ठेवून आधी तिच्याकडे लक्ष द्यावे. पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या, तर दुसरा सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी असतो. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शिक्षकांनाही यातून सरसकट सूट दिली नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांनाही टीईटीशिवाय बढती नाही, असे त्यात म्हटले होते. वीस वर्षे शिकवलेल्यांना पन्नाशीत परीक्षेला बसण्याची वेळ आली, तर नव्यांनी टाळाटाळ कशाला करावी? एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, ही २०२१ पासूनची मोठी सोय आहे.

लग्न होऊन नागपूर-अमरावतीहून रायपूरला येणाऱ्या मुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राची टीईटी छत्तीसगडच्या शाळेत चालेलच असे गृहीत धरू नये. सासर ठरले की तिथले नियम आधीच पाहून घ्यावेत.

पहिले वर्ष वर्गाचे

नोकरीचे पहिले वर्ष मोठ्या अभ्यासक्रमासाठी योग्य नसते. चाळीस मुलांना शांत बसवणे, फळा नीट वापरणे, मागे पडलेल्या मुलाला हाताशी धरणे, पालकांशी बोलणे हे सर्व याच वर्षी अंगवळणी पडते. रात्री स्वतःच्या परीक्षेचा अभ्यास आणि सकाळी वर्गात जांभया, असे झाले तर नुकसान मुलांचे होते. या काळात छोटी प्रशिक्षणे पुरेशी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकाने दरवर्षी निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे सुचवले आहे.

परिवीक्षा संपत आली आणि वर्गावर हात बसला, की पुढचा विचार करावा. कोणता विषय आपल्याला खरोखर आवडतो, लहान मुलांत मन रमते की मोठ्या, हे तोवर कळलेले असते.

कोणाला काय उपयोगी

छत्तीसगडमध्ये सहायक शिक्षक पाचवीपर्यंत, शिक्षक आठवीपर्यंत आणि व्याख्याता नववी ते बारावीला शिकवतो. व्याख्याता व्हायचे असेल, तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवे. त्यामुळे अशांनी आधी एम.ए. किंवा एम.एस्सी. हाती घ्यावे. एम.एड. प्रामुख्याने अध्यापक महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यांच्या कामाचे. केवळ नावापुढे अक्षरे वाढावीत म्हणून दोन वर्षे खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रशिक्षित सेवारत शिक्षकांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने बी.एड. करता येते. ते दोन वर्षांचे असले, तरी पूर्ण करण्यास पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण, बदली अशा अडचणी असलेल्या शिक्षिकेला ही सवलत फार मोलाची आहे. मात्र प्रवेशापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि विद्यापीठाची मान्यता तपासावी. नोकरी करीत असताना नियमित महाविद्यालयात नाव घालून हजेरी ‘सांभाळून घेण्याच्या’ आमिषाला बळी पडू नये. तशी पदवी पुढे चौकशीत अडकते.

घरच्यांनीही थोडा हातभार लावावा. सून किंवा मुलगी परीक्षेला बसली असेल, तर महिनाभर संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला म्हणून काही बिघडत नाही. तिची पदवी घराच्या मिळकतीत भर घालणारच आहे. पण तिचा पहिला लाभ त्या खेड्यातल्या शाळेतील मुलांना व्हावा, एवढे भान ठेवून अभ्यासक्रम निवडला, तर वेळही वाया जात नाही आणि पैसाही.