खुबा दुखतो म्हणजे काय दुखते?



‘कंबर दुखते’ असे सांगत रुग्ण येतो, तेव्हा त्याचा हात नेमका कोठे जातो याकडे जाणता डॉक्टर आधी पाहतो. आपल्या बोलण्यात कंबर हा शब्द मोठा ऐसपैस आहे. पाठीचा खालचा भाग, नितंब, जांघ, मांडीची बाहेरची बाजू, सारे त्यात मावते. दुखण्याचे कारण मात्र पुष्कळदा जागेवरूनच उमगते.

खुब्याचा सांधा जांघेच्या आत खोलवर असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील वाटीत फिरतो. म्हणून यास उखळीचा सांधा म्हणतात. दोन्ही हाडांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. उतारवयात ते झिजले की चालताना जांघेत कळ येते, मांडी घालून बसवत नाही, पायाची नखे कापणेही जड जाते. याउलट नितंबातून पोटरीपर्यंत उतरणारी, मुंग्या आणणारी कळ बहुधा मणक्यापाशी दबलेल्या मज्जातंतूची असते. कुशीवर निजताच मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखले, तर दोष बहुधा तेथील स्नायूंच्या टोकांचा असतो, सांध्याचा नव्हे.

कधी वेदना फसवतेही. खुबा व गुडघा यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. मूल ‘गुडघा दुखतो’ म्हणून लंगडते आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही. अशा वेळी खुबा तपासलाच पाहिजे.

या सर्वांना ‘वात’ हे एकच नाव देऊन आपण तेल चोळीत बसतो. झिजेच्या दुखण्यात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु एका विकारात हा विलंब महाग पडतो. मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तेथील हाड मरते व कालांतराने खचते. हा विकार ऐन तिशी-चाळिशीत येतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, अतिमद्यपान आणि विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार, ही त्याची ठळक कारणे. करोनाच्या साथीत स्टिरॉइडे घ्यावी लागलेल्या काही रुग्णांत तो आढळल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. म्हणजे दुखणे थांबविणारी पुडीच हाडाच्या मुळावर येऊ शकते! आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. एमआरआय तपासणीत दिसते. माथा खचण्यापूर्वी निदान झाले, तर पुष्कळदा सांधा वाचविता येतो.

सांधा पुरताच गेला तरी हताश होण्याचे कारण नाही. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली यांनी पोलादी माथा व टिकाऊ पॉलिथिलीनची वाटी यांची जोडी वापरली आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भरवशाची झाली.

घरातील वृद्ध माणूस पडले, उठता येईना, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर हाड मोडले असे समजावे. चोळू नये, चालवून पाहू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. एरवी जांघेतले दुखणे काही आठवडे टिकले, रात्री झोपमोड करू लागले किंवा सोबत ताप आला, तर डॉक्टरांस दाखवावे. दुखणे कोठे, केव्हापासून आणि आजवर कोणती औषधे, पुड्यासुद्धा, घेतली, हे न लपविता सांगावे. निम्मे निदान त्या उत्तरांतच असते.